इंगेचा आवाज आणि आत्याच्या कॅसेट

मी मूळचा मिरजेचा. पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं हिंजवडीत काढली आणि आता नऊ वर्षं झाली, फ्रँकफर्टमध्ये आहे. मिरजेचा म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, दवाखाने आणि तंबोरे. त्यामुळे गाण्यातलं मला बरंच कळत असणार असं सगळे धरून चालतात. तसं काही नाही. आमच्या घरात गाणं होतं ते आत्याकडे. माझ्या वाट्याला आलं ते फक्त तिचं रियाझ करतानाचं खाकरणं आणि 'आता गप्प बसा रे' हे वाक्य.

आज मात्र मी आत्याबद्दल नाही, एका जर्मन गायिकेबद्दल लिहिणार आहे. आत्या शेवटी येईलच.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात आमच्या टीममधला एक निवृत्तीला आलेला सहकारी मला इथल्या 'जॅझकेलर'मध्ये घेऊन गेला. केलर म्हणजे तळघर. क्लाइने बोकेनहाइमर श्ट्रासे नावाची एक बोळवजा गल्ली आहे, आजूबाजूला सगळी महागडी दुकानं. तिथे एका दारातून जिना खाली उतरतो. १९५२ पासून हे तळघर चालू आहे. खाली कमानीचं बुटकं छत, खेटून मांडलेल्या खुर्च्या आणि कलाकार इतके जवळ, की त्यांनी श्वास घेतलेला ऐकू येतो. मध्यंतरात मी त्याला विचारलं, तुमच्याकडे जॅझ गाणारी मोठी बाई कोण झाली? अमेरिकेतली नावं मलाही माहीत होती. बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड. पण जर्मन? तो म्हणाला, इंगे ब्रांडेनबुर्ग. आणि लगेच म्हणाला, की तिचं नाव तू ऐकलं नसशील, कारण आम्हीच ते विसरलो होतो.

घरी येऊन शोधलं. ऐकलं. मग मार्क बोएटशर या दिग्दर्शकाने २०११ मध्ये तिच्यावर काढलेला 'सिंग! इंगे, सिंग!' हा माहितीपट पाहिला. आणि दोन-तीन आठवडे ही बाई काही डोक्यातून जाईना.

इंगेचा जन्म १८ फेब्रुवारी १९२९चा, लाइपझिगचा. म्हणजे योहान सेबास्टियन बाख ज्या गावात शेवटपर्यंत राहिला, ते गाव. पण तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. ती चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा हिटलर सत्तेवर आला. वडील नाझींच्या माउटहाउझेन छळछावणीत १९४१ साली मेले. आईही त्या लोकांच्या तावडीतून परत आली नाही. भावंडांची ताटातूट झाली आणि ही पोरगी अनाथाश्रमात वाढली. आपल्याकडे अशा पोरीला निदान एखादी मावशी, आजी, गेलाबाजार शेजारीण तरी 'ये गं, जेवून जा' म्हणते. तिच्या आईबापांवर तर सरकारनेच शिक्का मारला होता. जवळ कोण करणार?

युद्ध संपलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तो भाग रशियन सैन्याच्या ताब्यात गेला. तिथून ती कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून पश्चिमेकडे, बव्हेरियात पळाली. पकडली गेली, काही महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर आउग्सबुर्गला आली. आज आपण व्हिसाची तारीख आठवडाभर पुढे गेली तरी हवालदिल होतो. हिच्याकडे ना कागद, ना पैसे, ना कुणाचा पत्ता.

आउग्सबुर्गमध्ये तिने एका बेकरीत नोकरी धरली आणि जमेल तसे पियानोचे धडे घेतले. मग एक दिवस पेपरात जाहिरात पाहिली, की एका डान्स बँडला गायिका पाहिजे. गेली, गाऊन दाखवलं, निवड झाली. गाण्याची कुठली परीक्षा नाही, गुरू नाही, घराणं तर नाहीच.

मग जॅझ कुठे शिकली? इथे थोडा इतिहास सांगायला हवा. नाझींना जॅझचा राग होता. काळ्या आणि ज्यू लोकांचं संगीत म्हणून १९३५ साली जर्मन रेडिओवर त्याला बंदी घातली गेली. तरी फ्रँकफर्टसारख्या शहरात पोरं चोरून ऐकायची, चोरून वाजवायची, आणि त्यापायी गेस्टापोच्या कोठडीतही जायची. युद्धानंतर अमेरिकन सैन्य आलं ते आपला रेडिओ घेऊनच. सैनिकांसाठी लावलेली गाणी जर्मन पोरं घराघरांत ऐकू लागली. सैनिकांच्या क्लबांना रोज रात्री बँड लागायचे, रोख पैसे मिळायचे आणि वर पोटभर जेवण. उपाशी देशात ही चैन होती. जर्मनीतल्या एका अख्ख्या पिढीचा जॅझचा गुरुकुलवास असा झाला, रेडिओला कान लावून आणि सैनिकांच्या फर्माइशी पुऱ्या करत. इंगेही याच पिढीची.

ज्यांना जॅझ म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्यासाठी आपल्या भाषेत सांगतो. जॅझमध्ये ठरलेली गाणी असतात, सगळ्यांना पाठ. बंदिशीसारखीच. पण गाणं ओळखीचं आहे म्हणून कुणी ऐकायला येत नाही. तुम्ही त्यात आज काय करता ते ऐकायला येतात. शब्द तालाच्या किंचित मागे ठेवायचा, सूर तिरका लावायचा, एखादी ओळ अर्धी सोडून द्यायची. इंगेचा आवाज जाडसर, जरा धुरकट. ती ओरडत नाही. दुःखाचं गाणं असलं तरी रडत नाही. एखादी गोष्ट खूप वेळा सांगून झालेल्या माणसासारखी गाते, आणि मग एकाच शब्दावर असं काही थांबते की आपणही हातातलं काम सोडून थांबतो. समीक्षक तिची तुलना बिली हॉलिडेशी करायचे. बिलीचंही बालपण असंच करपलेलं, हे त्यांना ठाऊक होतंच.

पन्नाशीच्या दशकात ती बँडबरोबर गावोगाव फिरली. स्वीडनमध्ये काही महिने गायली, तिथे तिचं कौतुक झालं. मायदेशी मात्र ती डान्स हॉलमधली गाणारी बाई, एवढीच ओळख होती. ती बदलली १९५८ मध्ये, फ्रँकफर्टच्या जर्मन जॅझ महोत्सवात. १९५३ पासून चालत आलेला हा महोत्सव म्हणजे जॅझवाल्यांचा सवाई गंधर्वच समजा. तिथे इंगे गायली आणि एका रात्रीत नाव झालं. तेव्हा ती २९ वर्षांची होती. पुढे अल्बर्ट मांगेल्सडॉर्फसारखा ट्रोम्बोनवादक, एर्विन लेन आणि कुर्ट एडेलहागेन यांचे मोठे ऑर्केस्ट्रा अशा चांगल्या चांगल्या लोकांबरोबर ती गायली.

दोन वर्षांनी, १९६० च्या उन्हाळ्यात, फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या ज्वां-ले-पँ इथे अँतिब जॅझ महोत्सव पहिल्यांदा भरला. चार्ल्स मिंगससारखा दिग्गज तिथे वाजवायला आला होता. त्या महोत्सवात इंगेला युरोपातली सर्वोत्तम जॅझ गायिका म्हणून गौरवण्यात आलं. अमेरिकेच्या 'टाइम'सारख्या साप्ताहिकानेही तिची दखल घेतली. अनाथाश्रमातून बेकरीत, बेकरीतून इथवर. सिनेमा असता तर इथे 'समाप्त' अशी पाटी आली असती.

खरी गोष्ट पुढे आहे.

रेकॉर्ड कंपन्या तिच्याकडे आल्या, पण त्यांना तिचं जॅझ नको होतं. त्यांना हवा होता 'श्लागर'. श्लागर म्हणजे इथलं हलकंफुलकं लोकप्रिय गाणं. सोपी चाल, गोड शब्द, त्यात समुद्र, चांदणं, इटलीची सुट्टी आणि घरची आठवण. युद्धात सगळं गमावलेला देश पुन्हा उभा राहत होता, नवे फ्रिज, नव्या गाड्या घेत होता. लोकांना मागचं काही आठवायचंच नव्हतं. त्यांना विसरायला लावणारी गाणी पाहिजे होती, आणि इंगेचा आवाज नेमका आठवण करून देणारा. तिच्याकडून श्लागर गाऊन घेतले गेले. तिने गायले, कारण घरभाडं चुकत नाही. पण त्या गाण्यांत ती बसत नाही, हे ऐकतानाही कळतं. नऊवारी नेसून ऑफिसला आल्यासारखं वाटतं. ना ती गाणी फार खपली, ना जॅझवाल्यांना ती आवडली. आणि तिचं खरं काम, तिचं जॅझ, त्याच्या तबकड्या अगदी मोजक्या निघाल्या. रेडिओने वेळोवेळी रेकॉर्डिंग केलं, ते प्रक्षेपित झालं आणि कपाटात गेलं.

मला इथे आपल्या मुंबईची आठवण होते. त्याच काळात ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक होते. त्यातला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला आपल्या सी. रामचंद्रांकडे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांकडे गेला आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये भगवानदादांच्या पायाखाली जो ताल आहे त्यात हे जॅझ मिसळून गेलं. आपल्या सिनेसंगीताने जॅझवाल्यांना पोटात घेतलं. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं यायची नाहीत, हा अन्याय झालाच. पण त्यांना काम मिळालं आणि त्यांचं वाजवणं टिकलं. जर्मनीत श्लागर एका बाजूला, जॅझ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये इंगे.

त्यात ती बाई. अल्बर्ट मांगेल्सडॉर्फचं उदाहरण घ्या. १९५८ मध्येच, म्हणजे इंगेचं नाव झालं त्याच वर्षी, इथल्या हेसिशर रुंडफुंक या सार्वजनिक रेडिओने स्वतःचा जॅझ संच काढला आणि तो मांगेल्सडॉर्फच्या हाती दिला. १९६४ मध्ये ग्योटे इन्स्टिट्यूटतर्फे त्याचा संच आशियाचा दौरा करून आला. त्यावरून त्याने काढलेल्या रेकॉर्डमध्ये रविशंकरांच्या 'पथेर पांचाली'च्या संगीतावर बेतलेली रचना आहे. आज त्याच्या नावाने पुरस्कार दिला जातो. तो त्याच्या लायक होता, यात वादच नाही. पण त्याच्या पाठीशी एक संस्था होती. गायिका ही कायम पाहुणी. बोलावलं की यायचं, दोन गाणी म्हणायची, मानधन घ्यायचं, रात्रीची गाडी पकडायची. लग्न झालेल्या बाईने घरची कर्तव्यं सांभाळून जमेल तरच बाहेर काम करावं, असा कायदाच पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत होता. हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. अशा देशात एकटी राहणारी, रात्री क्लबांत गाणारी, तोंडावर बोलणारी बाई लोकांना झेपत नव्हती.

आणि इंगे सोपी बाई नव्हती, हेही सांगायला पाहिजे. तिचे खटके उडायचे. कंपन्यांशी, आयोजकांशी, प्रेमाच्या माणसांशीसुद्धा. दारू वाढत गेली. दारूमुळे कामं गेली की कामं गेल्यामुळे दारू आली, हा हिशेब बाहेरून बसून आपण करू नये असं मला वाटतं. साठीच्या दशकाच्या मध्यावर बीटल्स आणि त्यांच्यासारख्यांची लाट आली. तरुण पोरं तिकडे गेली, आणि जॅझ स्वतःही गाण्यापासून दूर, प्रयोगांकडे गेलं. इंगेने रंगभूमीवर भूमिका केल्या, मिळेल तिथे गात राहिली. सत्तरच्या दशकापर्यंत बोलावणी आटली. पुढे आवाजानेही दगा दिला. नव्वदच्या दशकात म्युनिकमध्ये काही संगीतकारांनी तिला पुन्हा मंचावर आणलं. साठी ओलांडलेली इंगे छोट्या कार्यक्रमांत गायली. पण ते तेवढंच. २३ फेब्रुवारी १९९९ ला म्युनिकमध्ये ती गेली. सत्तरावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. हलाखीत, एकटी. मूलबाळ नाही, सामान मागायला येणारं कुणी नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो.

इथे कुणी एकटं माणूस वारलं की घर रिकामं करणाऱ्यांना बोलावतात. ते सामान उचलतात, विकण्याजोगं असेल ते जुन्या बाजारात जातं. इंगेच्या आठवणींचं तेच झालं. तिचे फोटोंचे अल्बम म्युनिकच्या जुन्या बाजारात विकायला आले. एका माणसाच्या ते हाती लागले. फोटोतली देखणी बाई, मागे नामवंत वादक. ही कोण, असं कुतूहल त्याला वाटलं. त्या एका कुतूहलातून शोध सुरू झाला, रेडिओची कपाटं उघडली गेली, जुने वादक बोलते झाले, माहितीपट निघाला, सीडी आल्या. मेल्यानंतर बारा वर्षांनी जर्मनीला कळलं, की आपल्याकडे अशी एक बाई होती. युरोपातल्या सर्वोत्तम गायिकेचा वारसा शिल्लक राहिला की नाही, हे एका शनिवारी कुणीतरी थांबून पानं उलटली यावर ठरलं.

आमच्या फ्रँकफर्टमध्येही माइन नदीच्या काठी शनिवारी जुना बाजार भरतो. मी तिथून सायकल घेतली आहे, एक टेबललॅम्प घेतला आहे. अल्बमचे खोके तर नेहमीच दिसतात, लग्नातले, बारशातले, स्कीइंगचे. आजवर मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. परवा गेलो तेव्हा मात्र पाय अडखळला.

कारण आत्या. आमची आत्या आकाशवाणी सांगलीवर गायची. नाट्यगीतं, भजनं. लग्नानंतर कार्यक्रम कमी झाले, मग बंद झाले. मग राहिलं ते हळदीकुंकू, डोहाळजेवण आणि गणपतीतली आरती. तरी तिच्याकडे कॅसेटचा एक डबा होता, बिस्किटांचा पत्र्याचा. रेडिओवरून टेप केलेलं तिचं गाणं, घरच्या बैठका, एकात तर म्हणे तिच्या मागे माझं रडणं ऐकू येतं. तीन वर्षांपूर्वी आत्या गेली. मला जाता आलं नाही. नंतर मिरजेचं घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा बाबांनी व्हिडिओ कॉलवर एकेक वस्तू दाखवली. हे ठेवायचं का, ते ठेवायचं का. तो डबाही दाखवला. कॅसेटना बुरशी आली होती. माझी इथे मीटिंग सुरू व्हायची होती. मी म्हटलं, बाबा, आता कॅसेट प्लेअर तरी कुणाकडे आहे? द्या टाकून. बाबा क्षणभर काही बोलले नाहीत. मग बरं म्हणाले.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. कंपनीच्या डेटाचे तीन ठिकाणी बॅकअप ठेवतो, तीन महिन्यांनी एकदा ते नीट परत येतात का हे तपासतो. बुरशी लागलेली कॅसेट साफ करून कम्प्युटरवर उतरवून देणारे लोक असतात, हेही मला माहीत होतं. नुसतं 'राहू द्या' म्हणायचं होतं.

इंगेला कुणी नव्हतं म्हणून तिचे अल्बम बाजारात गेले आणि कुणा परक्या माणसाने ते वाचवले. आत्याला आम्ही सगळे होतो.

म्हणून या सदराच्या वाचकांना एक विनंती करतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावाकडच्या घरांवर आता ही वेळ आली आहे किंवा येणार आहे. आईबाबा फ्लॅटमध्ये जातात, वाडा विकला जातो, आणि आपण फोनवरून 'टाका' नाहीतर 'ठेवा' म्हणतो. टाका म्हणण्याआधी एकदा झाकण उघडायला सांगा. कॅसेट असेल, वही असेल, गाण्याच्या परीक्षेचं प्रमाणपत्र असेल. आणि जी आत्या, मावशी, काकू अजून आहे, तिला पुढच्या फोनवर तब्येत विचारून झाली की एक गाणं म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करा. आवाज आता राहिला नाही रे, असं ती म्हणेल. म्हणू द्या. रेकॉर्डचं बटण त्याआधीच दाबून ठेवा.

इंगेला ऐकायचं असेल तर तिचं गाणं आता सहज मिळतं. रात्रीचं ऐका, भांडी आवरून झाल्यावर. आमच्याकडे सध्या तेच चालू असतं. परवा बाबांना फोनवर ऐकवलं. भाषा कळली नाही, पण पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, ही सूर सोडताना ताईसारखीच सोडते.